वर्दी आणि पाचारण

अग्निशमन दलाच्या बोलीत 'वर्दी' हा नित्याचा शब्द आहे. कोठे आग लागते, कोठे झाड कोसळते, कोणी विहिरीत पडते. त्याची खबर केंद्रावर पोहोचते, तीच वर्दी. वर्दी आली, वर्दीवर गेले, वर्दी आटोपून परतले, एवढ्या तीन वाक्यांत त्या माणसांचा दिवस सामावतो. आम्हां धर्मगुरूंच्या बोलीत याच्या जवळचा एक शब्द आहे: पाचारण. एक शब्द सरकारी दप्तरातला आणि दुसरा वेदीजवळचा. पण दोहोंच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. कोणीतरी हाक मारतो आणि कोणालातरी उठून जावे लागते. कोणाच्या हाकेला उठावे, किती दूर जावे, आणि हाक मारणारा त्या धावण्यास पात्र आहे की नाही हे पाहावे की न पाहावे, हे प्रश्न नीतिशास्त्राइतकेच जुने आहेत. त्यांचा विचार ग्रंथांच्या आधारे पुष्कळ झाला आहे. आज आम्ही तो बंबखान्याच्या दारात उभे राहून करू इच्छितो.

दर वर्षी १४ ते २० एप्रिल हा आठवडा आपल्या देशात अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. त्याचे कारण मुंबईतच घडले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटके होती, आणि त्यांच्या सोबतीला कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गासड्या. दुपारी जहाजात धूर दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे प्राणास मुकली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. आग विझवण्यास गेलेली ही माणसे बहुतेक आपल्या जागेवरच मरण पावली. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह आहे. आपल्या धर्मग्रामांत मात्र तो केव्हा येतो आणि केव्हा जातो, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. पुष्कळदा तो पुनरुत्थानाच्या सणाच्या आगेमागेच येतो, हे विशेष.

परंतु १९४४ सालची गोदी ही अपवादाची गोष्ट झाली. या सेवेचे खरे रूप पाहावयाचे असेल, तर साध्या, कोठेही छापून न येणाऱ्या आठवड्याकडे पाहावे लागेल. वसईपासून विरारपर्यंत पसरलेल्या आपल्या उपनगरी पट्ट्यातील एखाद्या केंद्राचा असा एक आठवडा आपण डोळ्यांपुढे आणू. पुढील प्रसंग कोणा एका घराचे नव्हेत; पण यांतील एकही प्रसंग वाचकांना अपरिचित वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

सोमवारी दुपारी एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालील मीटरच्या पेटीतून धूर येतो. मंगळवारी सकाळी दूधवाला सांगतो की तिसऱ्या मजल्यावरील आजी दार उघडीत नाहीत, आतून आवाजही येत नाही. मुलगा आखातात, मुलगी कॅनडात. शिडी लावून खिडकीतून शिरावे लागते. बुधवारी कोणाच्या स्वयंपाकघरात गॅसचा वास येतो. पाहावे तो शेगडीची कळ अर्धवट उघडी राहिलेली असते. गुरुवारी माडाच्या शेंड्यावर एक घार पतंगाच्या मांज्यात अडकून फडफडत असते आणि खाली शाळेची मुले रडवेल्या चेहऱ्याने वर पाहत असतात. शुक्रवारी रात्री दूरध्वनी येतो, बंब घंटा वाजवीत धावतो आणि दिलेल्या पत्त्यावर काहीच नसते. कोणीतरी गंमत केलेली असते. शनिवारी एका औद्योगिक गाळ्यास आग लागते; आत परवानगीहून अधिक रसायनांची पिंपे रचलेली असतात आणि मागचे दार कुलूप लावून बंद केलेले असते. रविवारी, आपण पवित्र मिस्सा आटोपून घरी जेवावयास बसतो त्या सुमारास, सहलीला आलेली काही तरुण मुले मद्य घेऊन खाणीतल्या पाण्यात उतरतात. त्यांतला एक वर येत नाही.

सात दिवस, सात वर्द्या. त्यांत खरी आग दोनच ठिकाणी. पण आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. या सातांपैकी किती जण मदतीस 'पात्र' होते? आजी निःसंशय पात्र. घारीस पात्र-अपात्र ठरविण्याचा अधिकारच कोणाला आहे? पण शेगडीची कळ उघडी टाकणाऱ्या गृहिणीचे काय? परवानगीचा कागद धाब्यावर बसविणाऱ्या गाळेमालकाचे काय? मद्य घेऊन पाण्यात उतरलेल्या तरुणाचे काय? आणि ज्याने खोटी वर्दी दिली, त्याच्याच घरी उद्या खरी आग लागली तर?

केंद्रावरील माणूस यांतला एकही प्रश्न विचारीत नाही. तो विचारतो: कोठे? काय झाले? आत कोणी आहे का? 'का झाले' हा प्रश्न त्याच्या वहीत आहे, पण नंतरच्या रकान्यात. नाव-गाव तो विचारतो ते पत्ता सापडावा म्हणून. जात, धर्म वा चारित्र्य कळावे म्हणून नव्हे. आणि खोट्या वर्दीने कालच फसलेला हाच माणूस आज दूरध्वनी वाजताच पुन्हा उठतो. आपण व्यवहारात असे वागत नाही. एकदा फसलो की दुसऱ्या वेळी दार किलकिले ठेवतो. तिसऱ्या वेळी तेही लावून घेतो, आणि त्याला शहाणपण म्हणतो.

संत लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनीचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी ती वाट लुटारूंची म्हणून कुप्रसिद्ध होती. त्या वाटेने एकट्याने जाणे हे अविचाराचे नव्हते काय? जखमी मनुष्याला असे विचारण्यास शोमरोन्यापाशी चांगली सबब होती. प्रभूने सांगितलेल्या कथेत तो एकही प्रश्न विचारताना दिसत नाही. तो तेल व द्राक्षारस ओततो, जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवितो, उतारशाळेचे पैसे भरतो. दाखला सांगण्याचे निमित्तच मुळी 'माझा शेजारी कोण' हा प्रश्न होता. विचारणाऱ्या शास्त्र्याला शेजाऱ्याची व्याख्या हवी होती, म्हणजे तिच्याबाहेर कोण पडतो हेही ठरले असते. प्रभूने व्याख्या दिली नाही. कोण शेजाऱ्यासारखा वागला, एवढेच उलट विचारले.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. पात्रता न पाहता धावून गेले, तर बेफिकिरीला उत्तेजन मिळणार नाही काय? गाळेमालकाला ठाऊक असते की बंब येणारच. मग तो मागचे दार कशाला मोकळे ठेवील? दया आणि न्याय यांत हा विरोध खरोखरच आहे असे अनेक सज्जनांना वाटते, आणि त्यांतले काही आमच्या मिस्सेला नियमित येतात.

आम्हांस असे वाटते की विरोध दया आणि न्याय यांत नाही. तो केवळ त्यांच्या क्रमात आहे. ज्वाळा पेटलेल्या असताना चौकशी करणे हे क्रौर्य आहे. ज्वाळा विझल्यावर चौकशी न करणे हेही क्रौर्यच आहे, कारण त्याची किंमत पुढच्या आगीत कोणीतरी निरपराध मोजतो. अग्निशमन दल हे दोन्ही करते. ते आधी विझविते, मग कारण शोधते. आणि त्याही आधी, काही घडण्यापूर्वी, इमारतींची तपासणी करते. आपल्या राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने वा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावयाचे असते. हा कोरडा कागद वाटतो. पण ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा तान्ही बाळे गेली आणि सात वाचविण्यात आली. त्याच वर्षी २३ एप्रिलला, अग्निशमन सप्ताह संपून तीनच दिवस झाले असताना, करोनाच्या ऐन लाटेत, आपल्या विरारमध्ये एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला पहाटे आग लागली आणि त्या दिवशी तेरा रुग्ण दगावले. बाळांना आणि कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांना पळता येत नाही. ज्यांना पळता येत नाही, त्यांच्या वतीने कोणीतरी आधीच जागे राहिले पाहिजे; त्या कोरड्या कागदाचा अर्थ एवढाच आहे. मिस्सेच्या आरंभी आपण विचाराने, शब्दाने व कृतीने केलेल्या पापांबरोबरच कर्तव्यात केलेल्या कसुरीचाही उच्चार करतो. तो शब्द ओठांवर सहज येतो. त्याचा अर्थ अशा पहाटे कळतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. एकाच वेळी दोन वर्द्या आल्या तर? माडावर घार फडफडते आहे आणि त्याच क्षणी गाळ्यात आग लागली, तर बंब कोठे जाईल, हे सांगावयास तत्त्वज्ञ नको. पण दोन्हीकडे माणसेच असतील तर? आणि त्यांतले एक घर बंबावरील जवानाचे स्वतःचे असेल तर? शनिवारच्या आगीत धूर पसरत असतो आणि चार गल्ल्या पलीकडे त्याची मुले असतात. तो त्यांच्याकडे न जाता दुसऱ्यांच्या मुलांकडे जातो. हे नैसर्गिक प्रेमाविरुद्ध नव्हे काय?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा विचार केला होता. प्रेमाला क्रम असतो हे त्यांनी मान्य केले. आईबाप, मुले, नातलग यांचे ऋण अधिक आहे. सर्वांवर सारखेच प्रेम करणे मनुष्याच्या आवाक्यातले नाही आणि देवही ते मागत नाही. मात्र त्यांनी पुढे असेही सांगितले की काही प्रसंगी, परका मनुष्य अत्यंत निकडीत असेल आणि स्वतःचा पिता तितक्या निकडीत नसेल, तर आधी परक्याला साहाय्य करावे. म्हणजे नाते हा एक क्रम आहे आणि गरज हा दुसरा. सामान्य दिवशी नाते पुढे असते. संकटाच्या घटकेला गरज पुढे येते. आमच्या मते नियंत्रण कक्षात बसलेला कर्मचारी, त्याने अक्वायनसचे नावही ऐकले नसेल, तरी हेच सूत्र दररोज पाळतो. कोणाची ओळख मोठी हे तो पाहत नाही, कोणाची घटका भरत आली ते पाहतो. आपल्या संस्थांत, कार्यालयांत, आणि खरे सांगायचे तर चर्चच्या आवारातही, ओळखीने पुढे आणि गरजेने मागे अशीच रांग लागते. या दृष्टीने बंबखाना हा ख्रिस्ती नीतीचा एक चांगला वर्ग आहे.

काही जण म्हणतील, त्यात काय मोठेसे? त्यांना त्याचा पगार मिळतो. हा युक्तिवाद आम्ही पुष्कळदा ऐकला आहे; परिचारिकांविषयी, शिक्षकांविषयी आणि, थोड्या हळू आवाजात, धर्मगुरूंविषयीही. जे काम मोबदल्यासाठी केले जाते ते सद्गुणात मोडत नाही, असा त्यामागचा समज आहे. तो तपासून पाहू.

पगाराने काय विकत घेता येते? माणसाचे तास घेता येतात, अंगावरचा गणवेश घेता येतो, वेळेवर हजर राहणे घेता येते. पण ९ मे २०१५ रोजी मुंबईतल्या काळबादेवीत 'गोकुळ निवास' ही जुनी इमारत पेटली तेव्हाची गोष्ट घ्या. मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर हे दलाचे सर्वोच्च अधिकारी. त्यांना दूर उभे राहून हुकूम सोडता आले असते. ते आपल्या माणसांसोबत पुढे होते. इमारत कोसळली. सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई आणि स्वतः नेसरीकर असे चार अधिकारी या दुर्घटनेत गेले. नेसरीकरांनी रुग्णालयात दोन आठवडे मृत्यूशी झुंज दिली. हे कोणत्या पगारपत्रकात बसते? पगार हा त्यांच्या घरच्यांचा उदरनिर्वाह होता. पुढे होणे हे त्यांचे स्वतःचे होते.

तरीसुद्धा या धैर्याविषयी एक गैरसमज टाळला पाहिजे. अग्निशमन दलाचा माणूस म्हणजे ज्वाळेत आंधळी उडी घेणारा वीर नव्हे. तो एकटा आत शिरत नाही. पाठीवरच्या श्वसनयंत्रात हवा किती उरली हे तो पुनःपुन्हा पाहतो. आत गेलेल्यांची मोजदाद बाहेर कोणीतरी ठेवीत असतो. इमारत कोसळण्याच्या बेतात असेल, तर माघारी बोलावण्याचा हुकूम होतो आणि तो पाळावाच लागतो. धैर्य आणि अविचार यांत अंतर आहे, हे ॲरिस्टॉटलने सांगितले आणि अक्वायनसने त्याला दुजोरा दिला. सद्गुण ही एका क्षणाची उसळी नसून सवयीने अंगी मुरलेली शक्ती आहे, हेही त्यांनीच शिकविले. म्हणूनच दोन वर्द्यांच्या मधला काळ आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटतो. त्या काळात केंद्रावर काय चालते? होज धुवून सुकत घालतात, शिडीची कवायत होते, पंप चालवून पाहतात, पाण्याची टाकी भरून ठेवतात. काहीच घडत नसते आणि तरी सर्व काही सिद्ध असते. दहा कुमारींच्या दाखल्यातील पाच शहाण्या आणि पाच मूर्ख या दहाही जणींना झोप लागली होती, हे आपण विसरतो. झोपेने कोणी मूर्ख ठरली नाही. भेद एवढाच होता की पाच जणींनी तेल आधी भरून घेतले होते.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांत त्या शहराच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत दलाचे आध्यात्मिक सेवक, फ्रान्सिस्कन धर्मगुरू फादर मायकल जज हेही होते. ते उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावर आपल्या माणसांसोबत उभे असताना शेजारचा मनोरा कोसळला आणि त्याच्या ढिगाऱ्याने त्यांचा बळी घेतला. त्या दिवसाच्या मृतांच्या अधिकृत नोंदीत पहिला क्रमांक त्यांचा आहे. त्यांच्या हाती ना होज होती ना कुऱ्हाड. वर्दी आणि पाचारण एकाच मनुष्याच्या ठायी एकत्र येतात तेव्हा काय होते, हे त्या पहिल्या क्रमांकाने सांगितले आहे.

आता आपल्या स्वतःच्या गल्लीकडे येऊ. वसईच्या जुन्या वाड्यांत पेंढ्याची उडवी पेटली, तर बंब येण्याची सोयच नव्हती. ज्याच्या कानी आरोळी पडे तो कळशी घेऊन धावे. विहिरी होत्या, रहाट होते, वाडीवाडीत बावखले होती. धावणाऱ्यांत कालच बांधावरून भांडलेला भाऊबंदही असे. ते सर्व लोक संत होते असे आम्ही म्हणणार नाही. पण आपल्याशिवाय दुसरे कोणी येणार नाही हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या जाणिवेने त्यांना चांगले वागावयास लाविले. आज १०१ आहे, ११२ आहे, महानगरपालिकेचे दल आहे. ही मोठीच प्रगती आहे. पण तिच्याबरोबर एक समजूतही शिरली: धावणे हे आता दुसऱ्या कोणाचे तरी काम आहे. कितीतरी बावखले बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. कुंपणाची भिंत हातभर पुढे सरकली. गल्लीच्या दोन्ही अंगांना मोटारी उभ्या राहू लागल्या. त्यांच्यामधून दुचाकी जेमतेम जाते, बंब कसा जाणार? सणाच्या मांडवाने रस्ता अडला तरी कोणी बोलत नाही, कारण मांडव देवाचा असतो. इमारतीच्या जिन्यात जुनी कपाटे, सायकली आणि ख्रिसमसच्या गोठ्याचे सामान वर्षभर पडून असते. यांतली एकही गोष्ट आपण पापनिवेदनात सांगत नाही. तरीही यांतली प्रत्येक गोष्ट एखाद्या रात्री कोणाच्या तरी जिवाची चार मिनिटे खाऊ शकते.

चार मिनिटांचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. बंब कितीही जलद आला तरी पहिली काही मिनिटे त्याची नसतात. ती शेजाऱ्याची असतात. मीटरच्या पेटीतला धूर पहिल्याने पाहतो तो जिना उतरणारा शेजारी. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता खिडक्या उघडावयाच्या आणि सिलिंडरची कळ बंद करावयाची, हे घरच्यांना न सुचले तर सांगतो तोही शेजारीच. खाणीच्या काठावर बुडणाऱ्याकडे दोर वा बांबू टाकावयाचा, की मोबाइलवर चित्रण करीत उभे राहावयाचे, हे ठरवितो तो काठावरचा मनुष्य. २०१८ च्या जुलैत वसई, नालासोपारा आणि विरार पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या आणि वीज गेली, तेव्हा हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. जेथे यंत्रणा पोहोचू शकत नव्हत्या, तेथे वरच्या मजल्यावरच्यांनी खालच्या मजल्यावरच्यांना घरात घेतले. कोणाचे कोणत्या पक्षाशी वा पंथाशी नाते आहे हे त्या रात्री कोणी विचारले नाही. पाणी ओसरले आणि हळूहळू दारे पुन्हा लागली.

येथेच आम्हांस वर्दी आणि पाचारण यांतला खरा भेद दिसतो. अग्निशमन दल वर्दीशिवाय निघू शकत नाही. कोणीतरी हाक मारली पाहिजे, पत्ता सांगितला पाहिजे. ती त्या व्यवस्थेची मर्यादा आहे आणि त्यात दलाचा काही दोष नाही. पण दाखल्यातल्या जखमी मनुष्याने हाक मारल्याचे संत लूक लिहीत नाहीत. तो अर्धमेला पडून होता. याजकाने आणि लेव्याने त्याची हाक नाकारली असे नव्हे. त्यांनी त्याला पाहिले आणि ते वळसा घालून गेले. शोमरोन्यानेही त्याला पाहिले, आणि त्याला कळवळा आला. बंबाला हाक लागते. शेजाऱ्याला दृष्टी पुरते.

मंगळवारच्या त्या आजींचा विचार करा. त्यांनी कोणालाही दूरध्वनी केला नव्हता. दूधवाल्याच्या ध्यानात आले म्हणून वर्दी गेली. आपल्या धर्मग्रामांतून मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली आहेत. त्यांनी मोठ्या प्रेमाने आईबापांना सुखसोयींनी भरलेली घरे घेऊन दिली आहेत. त्या घरांची दारे मजबूत आहेत आणि आत एकच मनुष्य आहे. पडलेल्या म्हातारीला दूरध्वनीपर्यंत सरपटत जाता येत नाही. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेल्या स्त्रीला १०१ वर काय सांगावे हे कळत नाही. परीक्षेत नापास झालेला मुलगा खोलीची कडी आतून लावतो; त्याच्या आगीला धूर नसतो. या वर्द्या कोणत्याही केंद्रावर पोहोचत नाहीत. त्या फक्त समोरच्या दारापर्यंत पोहोचू शकतात, आणि समोरचे दार आपले असते.

मध्यरात्री मित्राच्या दारी भाकरी मागावयास आलेल्या मनुष्याचाही एक दाखला आहे. आतला मित्र म्हणतो की दार लावले आहे, मुले निजली आहेत, मला उठवत नाही. तो दुष्ट नाही. त्याची प्रत्येक सबब खरी आहे. सद्गृहस्थांच्या सबबी बहुधा खऱ्याच असतात, आणि म्हणूनच त्या धोक्याच्या असतात. केंद्रावरचा जवानही थकलेला असतो, त्याचीही मुले घरी निजलेली असतात. त्याने एवढेच ठरविलेले असते की वर्दी आल्यावर सबबींचा विचार करावयाचा नाही. हा निर्णय तो प्रत्येक रात्री नव्याने घेत नाही. नोकरीत शिरला त्या दिवशी त्याने तो एकदाच घेतला. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या वतीने असाच एक निर्णय घेतला गेला आहे. तो आपण मोठेपणी आपला मानतो की नाही, हे मध्यरात्री दार वाजल्यावर कळते.

अग्निशमन करणाऱ्यांचे आश्रयदाते संत फ्लोरियन हे रोमन सैन्यातले अधिकारी होते. श्रद्धेपायी त्यांना इ. स. ३०४ च्या सुमारास नदीत बुडवून मारण्यात आले, अशी परंपरा आहे. त्यांचा सण ४ मे रोजी येतो, आणि त्याच दिवशी जगभर अग्निशमन करणाऱ्यांचा दिन पाळला जातो. एप्रिलमधील सप्ताह आणि मे महिन्यातील हा सण यांमध्ये दोन आठवडे असतात. त्या अवधीत प्रत्येक धर्मग्रामाने एका रविवारच्या मिस्सेत आपल्या केंद्रावरील माणसांसाठी प्रार्थना करावी, त्यांतील कोणाला आवारात बोलावून तरुणांना चार गोष्टी शिकवावयास सांगावे, अशी आमची सूचना आहे. ते कोणत्या धर्माचे आहेत हे विचारू नये; त्यांनीही आपल्याला ते कधी विचारलेले नाही. आणि मिस्सा आटोपून घरी परतताना प्रत्येक कुटुंबाने दोन कामे करावीत. जिन्यातले सामान उचलावे, आणि ज्या दारामागे एकटे माणूस राहते ते दार एकदा वाजवावे.